डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे

प्रश्न थोडक्यात असा: कोपरखैरण्यातल्या एका घरातला डेस्कटॉप, सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, विंडोज १०. एका संध्याकाळी सगळ्या फोटोंच्या, वर्ड आणि टॅलीच्या फायलींच्या नावांपुढे चार अनोळखी अक्षरे चिकटली आणि एकही फाइल उघडेना. प्रत्येक फोल्डरमध्ये 'रीडमी' नावाची इंग्रजी चिठ्ठी: ९८० डॉलर द्या, ७२ तासांत संपर्क केलात तर निम्मे. डी ड्राइव्हवर ठेवलेला बॅकअप आणि कायम जोडलेली बाहेरची हार्ड डिस्क, दोन्हींची तीच गत. टेक्निशियनने सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाकून दिली. आता कोणता अँटीव्हायरस घ्यावा, म्हणजे असे परत होणार नाही?

उत्तर:

अँटीव्हायरसचे पुढे बोलूच, पण तो प्रश्न यादीत बराच खाली आहे. तुमच्याकडे अँटीव्हायरस नव्हता म्हणून हे झाले असे वाटत नाही. विंडोज १० मध्ये तो मुळातच असतो. बहुधा कोणीतरी तो हाताने बंद केला. आणि फायली कायमच्या गेल्या त्या व्हायरसपेक्षाही, तिन्ही प्रती त्या क्षणी एकाच यंत्राला जोडलेल्या होत्या म्हणून. व्हायरस काढता येतो, विंडोज पुन्हा टाकता येते, बारशाचे फोटो पुन्हा काढता येत नाहीत. त्यामुळे सुरुवात बॅकअपपासून करायची.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. डी ड्राइव्हवरच्या आणि बाहेरच्या डिस्कवरच्या त्या बिघडलेल्या फायली पुसल्यात का? नसतील तर पुसू नका. तुम्ही सांगितलेली लक्षणे स्टॉप किंवा डीजेव्हीयू या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खंडणीखोर प्रोग्रामांच्या कुळाशी जुळतात. ९८० आणि ४९० डॉलर हा त्यांचा ठरलेला भाव. हे कुळ वेळ वाचवण्यासाठी प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे १५० केबी भागच कुलूपबंद करते. फोटो आणि वर्डच्या फायली तेवढ्यानेच निकामी होतात, पण दीड जीबीच्या लग्नाच्या व्हिडिओचा बाकी सगळा भाग जागच्या जागी असतो. त्याच कॅमेऱ्याने किंवा मोबाइलने काढलेला एखादा चांगला व्हिडिओ नमुना म्हणून दिला, तर व्हिडिओ दुरुस्त करणारी सॉफ्टवेअर त्यातले बरेच परत मिळवून देऊ शकतात. दुसरे असे की कुलूप लावताना प्रोग्रामला इंटरनेटवरून किल्ली मिळाली नाही, तर तो स्वतःजवळची ठरावीक 'ऑफलाइन' किल्ली वापरतो. चिठ्ठीच्या शेवटी 'पर्सनल आयडी' असतो. तो 'टी१' या दोन अक्षरांनी संपत असेल तर ऑफलाइन किल्ली वापरली गेली आहे, आणि अशा काही किल्ल्या अभ्यासकांच्या हाती लागल्या आहेत. ऑक्टोबर २०१९ मध्ये एमसिसॉफ्ट कंपनीने या कुळाच्या जुन्या प्रकारांसाठी मोफत सोडवणी प्रोग्राम दिला होता. युरोपोल आणि डच पोलिसांनी सुरक्षा कंपन्यांना बरोबर घेऊन २०१६ मध्ये सुरू केलेल्या 'नो मोअर रॅन्सम' या संकेतस्थळावर बिघडलेल्या एक-दोन फायली आणि ती चिठ्ठी देऊन तपासा. आज उपाय नसेल तर सगळे एका जुन्या डिस्कवर काढून, चिठ्ठीसकट, बाजूला ठेवा. वर्षा-दोन वर्षांनी किल्ली बाहेर येऊ शकते. पैसे मात्र देऊ नका. देऊन फायली मिळतीलच याची हमी कोणी घेत नाही.

टेक्निशियन सहसा सांगत नाहीत अशी आणखी एक गोष्ट: या कुळासोबत पासवर्ड चोरणारा प्रोग्रामही अनेकदा येतो. फायली बंद होण्याआधीच ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉग-इन असलेली खाती बाहेर गेलेली असू शकतात. म्हणून जीमेल, बँक, मायक्रोसॉफ्ट, फेसबुक यांचे पासवर्ड बदला, पण दुसऱ्या यंत्रावरून किंवा मोबाइलवरून. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच नव्याने मागवता येतात. सोबत 'सर्व ठिकाणांहून साइन आउट' करा. नुसता पासवर्ड बदलून चोरलेले चालू सत्र प्रत्येक ठिकाणी बंद होतेच असे नाही.

आता बॅकअप.

आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या चालत आलेली समजूत अशी की सी वर विंडोज, डी वर 'डेटा', आणि डी सुरक्षित. सी आणि डी हे बहुधा एकाच डिस्कचे दोन कप्पे. डिस्कची मोटार गेली की दोन्ही गेले, चोर कॅबिनेट घेऊन गेला की दोन्ही गेले, आणि खंडणीखोर प्रोग्रामला तर सी-डी-ई असा भेद मुळीच कळत नाही. जे अक्षर दिसेल ते तो उघडतो. डी चा फायदा एवढाच की फॉरमॅट मारताना तो वाचतो. उलट या समजुतीमुळे एक नवा तोटा होतो. माणसे 'डेटा डी वर आहे' असे सांगून मोकळी होतात आणि डेस्कटॉपवर, डाउनलोड्समध्ये, टॅलीच्या फोल्डरमध्ये ठेवलेले सगळे सी बरोबर पुसले जाते. टॅलीप्राइम आपली माहिती मूळ मांडणीत सी ड्राइव्हवरच्या 'युजर्स', मग 'पब्लिक', मग 'टॅलीप्राइम', मग 'डेटा' या फोल्डरात ठेवते. फॉरमॅटला द्यायच्या आधी ते नावासकट लिहून द्या.

हिशोब सोपा ठेवा: तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. तुमचे फोटो, व्हिडिओ, टॅली आणि कागदपत्रे मिळून २०० जीबीच्या आसपास असतील असे धरू. त्यासाठी एक टीबीच्या अडीच इंची दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एकीवर मार्करने 'अ', दुसरीवर 'ब' लिहा. 'अ' घरात, पण कपाटात, वायर काढून. 'ब' डोंबिवलीच्या मावशीकडे, पनवेलच्या भावाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. शेजारच्या फ्लॅटमध्ये ठेवलेली प्रत फारशी कामाची नाही. मीटर रूमला आग लागली तर इमारत एकच असते. महिन्यातून एकदा दोन्हींची अदलाबदल. गणपतीला, दिवाळीला नाहीतरी जाणे होतेच, तेव्हाही डिस्क सोबत न्या.

डिस्क संगणकाच्या मागच्या बाजूच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या खाचेत लावा. तिथे मोठ्या फायली सेकंदाला शंभर-सव्वाशे एमबी वेगाने जातात आणि २०० जीबी अर्ध्या-पाऊण तासात उतरतात. पुढच्या काळ्या यूएसबी २ च्या खाचेत त्यालाच दीड-दोन तास लागतात, आणि हजारो छोटे फोटो असतील तर त्याहून जास्त. हे पहिल्याच वेळी. पुढच्या वेळी फक्त नवे-बदललेले जाते.

विंडोज १० मधली 'फाइल हिस्ट्री' घरासाठी पुरेशी आहे. सेटिंग्ज, अपडेट अँड सिक्युरिटी, बॅकअप, ॲड अ ड्राइव्ह. मग 'मोअर ऑप्शन्स'मध्ये जाऊन डी वरचे फोल्डर आणि टॅलीचे फोल्डर 'ॲड अ फोल्डर'ने स्वतः घाला. ते आपोआप धरले जात नाही, आणि बहुतेकांची फसगत इथेच होते. फाइल हिस्ट्रीचा खरा उपयोग असा की ती फाइलच्या जुन्या आवृत्त्या ठेवते. नुसते 'कॉपी-पेस्ट, रिप्लेस ऑल' केले तर एखाद दिवशी बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर स्वतःच्या हाताने बसवली जाते. आरशासारखी प्रत करणारी सॉफ्टवेअरही याच कारणासाठी जपून वापरावीत. मूळ जागी जे पुसले ते आरशातूनही पुसले जाते.

दर रविवारचा क्रम असा ठेवा. डिस्क जोडण्याआधी दोन-तीन फोल्डरमधल्या चार-पाच फायली उघडून बघा. उघडल्या, नावे नेहमीसारखी आहेत, तरच डिस्क जोडा. नसतील तर डिस्क कपाटातून बाहेरच काढू नका. जोडल्यावर बॅकअप चालवा, संपला की घड्याळाशेजारच्या 'सेफली रिमूव्ह'ने सोडवा, वायर काढा, परत कपाटात. आळसापायी जोडून ठेवलेली डिस्क ही बॅकअपची डिस्क नव्हे, ती ई ड्राइव्ह. तीन महिन्यांतून एकदा 'अ' दुसऱ्याच संगणकाला लावून दहा-बारा फायली उघडून पाहा, एखादा मोठा व्हिडिओ मधूनच चालवून पाहा. वर्षभर बॅकअप 'चालू' असतो आणि गरजेच्या दिवशी कळते की मार्चपासून डिस्क भरलेली होती, असे पुष्कळ घरांत होते.

क्लाउड हा याच्या जोडीला, याच्या जागी नव्हे. गुगलचे मोफत १५ जीबी हे जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत वाटलेले आहेत. वनड्राइव्हचे मोफत ५ जीबी. शिवाय ही सिंकची व्यवस्था आहे: इथे पुसलेले तिथेही पुसले जाते, इथे कुलूपबंद झालेले तिथेही कुलूपबंद होऊन चढते. ड्राइव्हच्या कचरापेटीत ३० दिवस, गुगल फोटोच्या कचरापेटीत ६० दिवस, तेवढीच सवड. वापरच केला नाही तर दोन वर्षांनंतर खाते आणि त्यातले सगळे पुसण्याचा हक्क गुगलने राखून ठेवला आहे. म्हणून आजोबांच्या नावाने उघडून फोटो टाकून ठेवलेल्या खात्यात अधूनमधून लॉग-इन करा. टॅलीची दिवसाची बॅकअप फाइल, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, घराचा करारनामा एवढे क्लाउडवर जरूर असू द्यावे. आधार, पॅन, बँकेची कागदपत्रे मात्र उघडी टाकू नका. फायली एकत्र बांधणाऱ्या सेव्हन-झिप प्रोग्राममध्ये एईएस-२५६ ही कूटबद्ध करण्याची पद्धत निवडून पासवर्ड घालून एकच फाइल करा आणि तो पासवर्ड घरातल्या डायरीत लिहून ठेवा. पासवर्ड विसरणे हीसुद्धा माहिती गमावण्याची एक पद्धतच आहे.

मराठी घरांत आणखी एका प्रकाराने माहिती जाते. फाइल धडधाकट असते, पण ती शिवाजी, कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. नव्या विंडोजवर तो फॉन्ट नसतो आणि सोसायटीच्या इतिवृत्ताच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. फॉरमॅटच्या आधी सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातल्या 'फॉन्ट्स'मधून ते फॉन्ट काढून बॅकअपमध्ये ठेवा, महत्त्वाच्या दस्तऐवजांची पीडीएफ करा, आणि पुढचे सगळे युनिकोडमध्ये टाइप करा. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठीचा इन्स्क्रिप्ट आणि इंग्रजी उच्चारावरून टाइप करायचा फोनेटिक, दोन्ही कीबोर्ड फुकट आहेत. भाषेच्या सेटिंग्जमधून 'मराठी' घातली की झाले. मराठी टायपिंगचे क्रॅक केलेले सॉफ्टवेअर शोधत फिरायचे कारणच उरत नाही, आणि व्हायरस घरात शिरायची एक मळलेली वाट बंद होते.

आता टेक्निशियनने टाकून दिलेल्या विंडोजकडे बघू. तीच क्रॅक केलेली असेल तर तुम्ही होता तिथेच परत आला आहात. सेटिंग्जमध्ये ॲक्टिव्हेशनचे पान उघडा. तिथे 'डिजिटल लायसन्स'ने ॲक्टिव्हेट असे असेल तर ठीक. 'युअर ऑर्गनायझेशन्स ॲक्टिव्हेशन सर्व्हिस' असे शब्द असतील, आणि संगणक कोण्या कंपनीचा नसून तुमच्या घरचा असेल, तर तो केएमएसच्या, म्हणजे कंपन्यांच्या सामूहिक परवान्याच्या व्यवस्थेच्या, पळवाटेने चालवलेला आहे. दुसरी तपासणी: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि खालच्या बाजूला 'एक्सक्लूजन्स'. घरच्या यंत्रावर ही यादी कोरी हवी. क्रॅक टिकावा म्हणून तिथे एखादा फोल्डर, आणि कधीकधी अख्खा सी ड्राइव्हच, 'याला तपासू नकोस' म्हणून घातलेला आढळतो. मग वर हिरवी खूण दिसत राहते आणि पहारेकरी दाराकडे पाठ करून उभा असतो. याच पानावर 'टॅम्पर प्रोटेक्शन', म्हणजे इतर प्रोग्रामना हा पहारा बंद करू न देणारी सोय, चालू असल्याची खात्री करा.

यांपैकी काहीही आढळले तर दुरुस्तीच्या फंदात पडू नका. दुसऱ्या चांगल्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून 'मीडिया क्रिएशन टूल' उतरवा, किमान ८ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लावा आणि स्वतः विंडोज टाका. आधी या यंत्रावर हीच आवृत्ती अस्सल परवान्याने ॲक्टिव्हेट झालेली असेल तर की विचारताना 'आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की' निवडा; इंटरनेट लागल्यावर ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. ऑफिससाठी पैसे घालायचे नसतील तर लिब्रेऑफिस घ्या. सोसायटीची पत्रे आणि मुलांचे प्रोजेक्ट त्यात आरामात होतात.

विंडोज १० चा प्रश्न वेगळा. तिचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती ग्राहकांसाठीचा वाढीव सुरक्षा कार्यक्रम १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचा जाहीर झाला. मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला की त्यात पैसे न भरता नोंदणी होते. विंडोज ११ साठी इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते, म्हणजे तुमचे यंत्र अधिकृतपणे बसत नाही. फक्त ब्राउझिंग आणि लिखाण असेल तर विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाका. टॅली चालवत असाल तर नव्या यंत्राची तजवीज करा.

अपडेटला 'नंतर बघू' म्हणण्याची सवय किती महाग पडते याचे उदाहरण आपल्या दारातले आहे. मार्च २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका छिद्रावर ठिगळ दिले. मे महिन्यात वॉनाक्राय हा खंडणीखोर प्रोग्राम त्याच छिद्रातून जगभर पसरला. तरीही ठिगळ न लावलेली यंत्रे इतकी उरली होती की २७ जूनला नॉटपेट्या या दुसऱ्या प्रोग्रामने तेच छिद्र आणि चोरलेले पासवर्ड वापरून मोठमोठ्या कंपन्यांची जाळी बंद पाडली. जहाज कंपनी मर्स्क त्यांतली एक, आणि तिच्याशी जोडलेले न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातले एक कंटेनर टर्मिनलही ठप्प झाले.

नवा लॅपटॉप घेतलात तर एक खबरदारी. विंडोज ११ अनेकदा न विचारता डिस्क कूटबद्ध करते. मदरबोर्ड बदलला किंवा बायोस अपडेट झाला की ती ४८ आकडी रिकव्हरी की मागते. की नसेल तर तुमची स्वतःची डिस्क तुम्हालाच बंद. ती की सहसा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच शोधून कागदावर उतरवून ठेवा, आणि लॅपटॉप दुरुस्तीला टाकण्याआधी तर नक्कीच.

आता अँटीव्हायरस. घरासाठी विंडोजचा डिफेंडर पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत. विकतचा घ्यायचाच असेल तर चालेल, पण एकच घ्या. दोन एकाच वेळी पहाऱ्यावर बसवले की एकमेकांत अडकतात आणि यंत्र रडत चालते. मुदत संपलेला अँटीव्हायरस पडून असेल तर तो पूर्ण काढून टाका, कारण नव्या व्हायरसची ओळख थांबलेली असते आणि तो डिफेंडरच्या वाटेत उभा राहतो. जेवढे पैसे वर्गणीला घालणार, ते आधी 'ब' डिस्कवर घाला. डिफेंडरमध्ये एक गोष्ट हाताने चालू करावी लागते: 'रॅन्समवेअर प्रोटेक्शन'खालचे 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस'. नेमलेल्या फोल्डरांत अनोळखी प्रोग्रामला मग लिहिता येत नाही. डी वरचे फोल्डर त्यात घाला. पहिले काही दिवस टॅली किंवा एखादे फोटोचे सॉफ्टवेअर 'सेव्ह होत नाही' म्हणून अडेल. त्याला परवानगीच्या यादीत घ्या. वैतागून सोयच बंद करू नका.

त्याहून मोठा फायदा एका फुकटच्या बदलाने होतो. रोजच्या वापराचे खाते 'स्टँडर्ड' करा आणि 'ॲडमिनिस्ट्रेटर' खाते वेगळे ठेवून त्याचा पासवर्ड घरातल्या एकाच जबाबदार माणसाकडे द्या. मुलांनी काही इन्स्टॉल करायला घेतले की पासवर्ड मागितला जाईल आणि विचारपूस आपोआप होईल. हे तुमच्या फायली कुलूपबंद होण्यापासून पूर्णपणे वाचवत नाही, कारण त्या फायलींवर तुमच्या खात्याचा हक्क असतोच. पण अँटीव्हायरस बंद करणे, विंडोजने ठेवलेल्या जुन्या छायाप्रती पुसणे, ही कामे प्रोग्रामला अवघड होतात.

दारे कोणती, तेही बघू. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. ते बंद असते तेव्हा 'बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' हे नुसते 'बिल डॉट पीडीएफ' दिसते. शेवटी ईएक्सई, एससीआर, जेएस किंवा व्हीबीएस असलेले बिल हे बिल नसते. दुसरे दार नवे आहे: एखादे पान 'तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करा' म्हणते आणि विंडोजचे बटण आणि आर दाबा, मग कंट्रोल व्ही, मग एंटर, असे सांगते. पानाने आज्ञा आधीच तुमच्या क्लिपबोर्डवर ठेवलेली असते आणि तुम्ही ती स्वतःच्या बोटांनी चालवता. खरी तपासणी कधीही कीबोर्डवरून अशी काही कृती करायला सांगत नाही. तिसरे, सायरन वाजवत 'मायक्रोसॉफ्टला फोन करा' म्हणणारे पान: कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि ब्राउझर बंद करा, एवढाच त्याचा उपाय. फोनवर परदेशी अधिकारी असल्याची बतावणी करून पैसे उकळणारी मोठी कॉल सेंटरे ठाणे पोलिसांनी ऑक्टोबर २०१६ मध्ये आपल्याच मीरा रोडला पकडली होती. तेव्हा समोरचा कितीही अस्खलित इंग्रजी बोलला तरी एनीडेस्क किंवा तत्सम, दुसऱ्याला तुमचे यंत्र दुरून हाताळू देणारे ॲप टाकू नका.

झेरॉक्सच्या दुकानातला पेनड्राइव्ह हे जुने दार अजून उघडे आहे. ठाणे स्टेशनबाहेरच्या किंवा कॉलेजजवळच्या कोणत्याही दुकानात दिवसभरात शेकडो पेनड्राइव्ह एकाच यंत्रात जातात. घरी आल्यावर फोल्डरांच्या जागी बाण असलेले शॉर्टकट दिसले तर त्यांवर डबल-क्लिक करू नका; तेच व्हायरस चालवतात. मूळ फोल्डर बहुधा तिथेच लपवलेले असतात. 'व्ह्यू'च्या ऑप्शन्समध्ये लपवलेल्या आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' दाखवायला सांगा, फोल्डर बाहेर काढा, शॉर्टकट आणि अनोळखी स्क्रिप्ट पुसा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. प्रिंटसाठी वेगळा ४-८ जीबीचा पेनड्राइव्ह ठेवा, त्यात लागेल तेवढीच पीडीएफ. व्हॉट्सॲप वेब दुकानात उघडलेत तर निघताना मोबाइलवरच्या 'लिंक्ड डिव्हायसेस'मधून ते काढा, आणि दुकानाच्या डाउनलोड्समधली आधारची फाइल कचरापेटीसकट पुसून घ्या. बाजारात अगदी स्वस्तात मिळणारा 'दोन टीबीचा पेनड्राइव्ह' बहुधा खोटा असतो: आत थोडीच जागा, बाहेर खोटा आकडा, ती जागा भरली की पुढच्या फायली नुसत्या नावापुरत्या उरतात. एच-टू-टेस्ट-डब्ल्यू नावाच्या मोफत प्रोग्रामने तो पूर्ण भरून तपासता येतो.

वीज आणि हवा यांनीही डेटा जातो, खाडीकाठच्या वसाहतींमध्ये विशेष. ६०० व्हीएचा यूपीएस डेस्कटॉप आणि मॉनिटरला साधारण दहा-पंधरा मिनिटे देतो. ती वेळ काम चालू ठेवण्यासाठी नसून टॅली बंद करून शटडाउन करण्यासाठी आहे. आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी दोन-तीन वर्षांत संपते. सहा महिन्यांतून एकदा प्लग काढून किती मिनिटे चालतो ते घड्याळ लावून बघा. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नका. मे-जून आणि ऑक्टोबरच्या गडगडाटात नुसता मेन स्विच बंद करून भागत नाही. केबलवाल्याची गच्चीवरून आलेली लॅन वायर तांब्याची असेल तर वीज त्या वाटेने राउटर आणि मदरबोर्ड दोन्ही जाळते, म्हणून तीही काढा. थेट घरापर्यंत फायबर आलेली असेल तर हा धोका नाही. कॅबिनेट जमिनीवर ठेवू नका, तळमजल्यावर तर अजिबातच नाही. बॅकअपची डिस्क हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पावसाळ्यात पुड्या ओलसर होतात, बदला.

डिस्क मरण्याआधी बहुतेकदा खाणाखुणा देते. क्रिस्टलडिस्कइन्फो हा मोफत प्रोग्राम उघडा आणि ०५, सी५, सी६ या डिस्कवरच्या खराब जागा मोजणाऱ्या तीन ओळी बघा. तिथले कच्चे आकडे शून्य हवेत. वाढत असतील तर त्याच दिवशी डेटा काढा, डिस्क दुरुस्त होईल या आशेवर राहू नका. 'टकटक' आवाज येत असेल तर ताबडतोब वीज बंद. दर वेळी पुन्हा चालू करून पाहण्यात आतली चकती खरवडली जाते. अशी डिस्क घरी उघडायची नाही आणि फ्रीजरमध्येही ठेवायची नाही. चुकून पुसलेली फाइल हार्ड डिस्कवर असेल तर तिथे काही न लिहिता फोटोरेक किंवा रेकुव्हाने सापडू शकते, मात्र सापडलेले दुसऱ्या डिस्कवर उतरवा. एसएसडीवर, म्हणजे फिरती चकती नसलेल्या डिस्कवर, 'ट्रिम' नावाची व्यवस्था पुसलेली जागा काही क्षणांतच खरोखर रिकामी करते, तिथे आशा जवळपास नसते. एसएसडी किंवा पेनड्राइव्ह वर्षानुवर्षे विजेविना कपाटात ठेवणेही बरे नव्हे. साठवणीसाठी साधी फिरती हार्ड डिस्कच घ्या.

राउटरचे काम पाच मिनिटांचे. केबलवाल्याने ठेवलेला 'ॲडमिन' पासवर्ड बदला, वाय-फायला तुमचा मोबाइल नंबर पासवर्ड म्हणून ठेवला असेल तर तोही बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न घालता वाय-फाय जोडण्याची सोय) आणि बाहेरून राउटर हाताळण्याची सोय बंद करा.

आणि पुन्हा कधी फायलींची नावे बदलताना दिसली तर पहिल्या मिनिटात लॅन किंवा वाय-फाय तोडा, बाहेरची डिस्क उपटा, आणि डेस्कटॉपचे बटण दाबून धरून तो बंद करा. अजून कुलूप न लागलेल्या फायली तेवढ्याने वाचतात. मग ती डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडून, तिच्यावरचा कोणताही प्रोग्राम न चालवता, उरलेले काढून घ्या. हे करताना घरात कोणी काय डाउनलोड केले असे आवाज चढवून विचारू नका. ओरडा बसतो म्हटल्यावर पुढच्या वेळी मुलगी पहिल्या पाच मिनिटांऐवजी दुसऱ्या दिवशी सांगेल. खात्यातून पैसे गेले असतील तर १९३० वर तत्काळ फोन करा, बँकेला कळवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. फॉरमॅट त्यानंतर, आणि फॉरमॅटआधी त्या चिठ्ठीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. चिठ्ठीच्या शेवटी असलेला तो पर्सनल आयडी फोटोत स्पष्ट वाचता आला पाहिजे.